मिसर देशची यात्रा आणि घरांतील वडील माणसें

आमच्या वरवे बुद्रुक गांवांतील एका कुटुंबानें येत्या हिंवाळ्यांत मिसर देश, म्हणजे हल्लींचें इजिप्त, पाहावयास जाण्याचा बेत केला आहे. दोघे भाऊ, दोघी जावा, तीन मुलें आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री असें हें आठ माणसांचें कुटुंब. बेत ठरला, परंतु मातोश्रींस बरोबर न्यावें कीं नाहीं यावर घरांत एकमत होईना. थोरले म्हणतात, मुसलमानी मुलूख, अनोळखी भाषा, खाण्यापिण्याचे हाल. आईचें तेथें कसें निभणार? धाकटे म्हणतात, आई येणार नसेल तर आम्हीही जात नाहीं. मातोश्रींस विचारलें तर त्या म्हणतात, "तुम्ही सुखानें जा, मी घर राखतें." या उत्तराचा अर्थ सुज्ञ वाचकांस उलगडून सांगावयास नको. असा पेंच पुष्कळ घरीं पडतो, म्हणून या महिन्याचें सदर आम्ही याच प्रश्नास देत आहों.

आमचें मत आरंभींच सांगतों. मातोश्रींस अवश्य न्यावें. ज्या गोष्टींचें भय थोरल्यांस वाटतें त्या भिण्यासारख्या नाहींत. आणि ज्यांची खरी काळजी घ्यावयास हवी, त्या कागद, औषधें, ऊन आणि दिवसाची आंखणी यांकडे मात्र घरांत कोणाचेंच लक्ष गेलेलें नाहीं.

प्रथम परकेपणाची गोष्ट घेऊं. तांबड्या समुद्राच्या मिसरी किनाऱ्यावर बेरेनिके नांवाचें प्राचीन बंदर होतें. तेथील उत्खननांत सातवाहनांचीं दोन नाणीं सांपडलीं आहेत. तेथेंच मिळालेल्या बुद्धमूर्तीची वार्ता २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत आपल्या कल्याण बंदराचा उल्लेख आहे. अर्थात् या देशाशीं आपल्या देशाचा व्यवहार दोन हजार वर्षांचा आहे. पुढें १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, आणि विलायतेस जाणाऱ्या आपल्या कित्येक पिढ्यांनीं मिसरची भूमि बोटीच्या कठड्याशीं उभें राहून पाहिली. उतरून पाहण्याची सवड थोड्यांनाच मिळाली. ती आज आपणांस मिळत आहे.

भाषेचेंही तसेंच. कैरोच्या भोजनगृहांत बिल मागावयाचें तर 'हिसाब' म्हणावें. साबणास तेथें 'साबून' म्हणतात, दुकानास 'दुक्कान', आणि हमालाच्या हातावर जें ठेवावयाचें तें 'बक्शीश'. हे शब्द आपल्या माजघरांत केव्हांचेच येऊन बसले आहेत. रीतिरिवाजांविषयीं म्हणाल, तर येथून जवळच असलेल्या शिवापूरच्या कमरअली दरवेशाच्या दर्ग्यांत सर्व धर्मांचे लोक जातात. पादत्राणें काढावीं, डोकें झांकावें, हळू बोलावें, हें आपल्या मंडळींस तेथें कोणी शिकवावें लागत नाहीं. कैरोच्या मशिदींतही एवढेंच अपेक्षित असतें. स्त्रियांनीं खांदे व गुडघे झांकणारा पोशाख करावा. ज्या घरीं लुगडें अथवा साडी नेसतात तेथें डोक्यावर घ्यावयाचा पदर आयताच असतो. नमाजाच्या वेळीं मशीद पाहावयास जाऊं नये.

आतां कागदांकडे वळूं. पासपोर्टाची मुदत तेथें पोहोंचण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असावी. लहान मुलांचा पासपोर्ट पांचच वर्षांचा असतो, आणि तोच बहुधा ऐन वेळीं संपलेला निघतो. मातोश्रींचा पासपोर्ट नवीन काढावयाचा असल्यास साठ वर्षांवरील अर्जदारांस शुल्कांत दहा टक्के सूट आहे. तिकिटावरील नांव पासपोर्टावरील नांवाशीं अक्षरशः जुळलें पाहिजे. सुनांचें माहेरचें व सासरचें नांव येथेंच घोंटाळा करतें.

व्हिसा मिळविण्याचे मार्ग तीन. पहिला संगणकावरून मिळणारा ई-व्हिसा. त्यासाठीं इजिप्त सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. तशाच नांवाचीं, अधिक पैसे उकळणारीं खाजगी स्थळें पुष्कळ आहेत. अर्ज निदान सात दिवस आधीं करावयाचा असतो, परंतु आठ माणसांच्या घरानें तीन-चार आठवडे हाताशीं ठेवावे. एका प्रवेशाच्या व्हिसावर तीस दिवस राहतां येतें. दुसरा मार्ग मुंबईंतील इजिप्तच्या वकिलातीचा. तेथें छायाचित्रें, बँकेचा उतारा, परतीचें तिकीट व मुक्कामाची नोंदणी तयार ठेवावी. तिसरा म्हणजे विमानतळावर उतरल्यावर मिळणारा व्हिसा. हा भारतीयांस सरसकट मिळत नाहीं. ज्यांच्यापाशीं अमेरिका, इंग्लंड, शेंगेन करारांतील देश अशांपैकीं एखाद्याचा चालू व वापरलेला व्हिसा आहे त्यांसच मिळतो.

एकत्र कुटुंबाचा घात येथेंच होतो. धाकटे बंधु नोकरीनिमित्त अमेरिकेस जाऊन आलेले. त्यांस उतरल्यावर व्हिसा मिळेल. तोच नियम मातोश्रींसही लागू आहे असें समजून सर्व मंडळी निघाली, तर मुंबईच्या विमानतळावरच मातोश्रींस अडवतील. म्हणून प्रत्येकाचा व्हिसा स्वतंत्र धरावा, आणि घरांतील सर्वांनीं शक्यतो एकच मार्ग पत्करावा. नियम व शुल्क वारंवार बदलतात; अर्ज भरण्याच्या दिवशीं सरकारी स्थळावर पुनः एकदां पाहून घ्यावें, शेजाऱ्यांच्या गेल्या वर्षींच्या अनुभवावर विसंबूं नये.

कागदांहूनही नाजुक गोष्ट औषधांची. आपल्याकडे गुडघेदुखी व कंबरदुखीवर दिल्या जाणाऱ्या कांहीं गोळ्यांत ट्रॅमाडॉल नांवाचें द्रव्य असतें. इजिप्तमध्यें त्यावर कडक बंदी आहे. २०१७ सालीं एका इंग्रज प्रवासी स्त्रीस, अशा सुमारें तीनशें गोळ्या सामानांत सांपडल्यामुळें, तीन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हां निघण्यापूर्वीं मातोश्रींच्या सर्व गोळ्या डॉक्टरांपुढें ठेवून त्यांतील द्रव्यें विचारावीं आणि असली गोळी बदलून घ्यावी. बाकीचीं औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातांतील पिशवींत ठेवावीं. प्रवासाचा विमा सर्वांचा उतरावा; वडील माणसांचे जुने आजार त्यांत लपवूं नयेत.

ऋतु ऑक्टोबर ते मार्च हाच. उन्हाळ्यांत लक्सर व आस्वान येथें पारा चाळीस अंशांवर जातो. रमजानच्या महिन्यांत प्रेक्षणीय स्थळें लवकर बंद होतात. हा महिना दरवर्षीं सुमारें अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि २०२७ सालीं तो फेब्रुवारीच्या पूर्वार्धांत सुरू होईल. शुक्रवार-शनिवार तेथें कचेऱ्यांस सुट्टी असते.

मातोश्रींसाठीं आंखणी अशी करावी. विमानांतील चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतांनाच नोंदवावी. गिझा येथील खूफूचा पिरॅमिड मूळचा १४६ मीटरांहून अधिक उंच. तो बाहेरून पाहावा. आंतील वाट अरुंद, चढाची व वांकून जाण्याची आहे, ती मुलांनीं चढावी. त्याच्याजवळच १ नोव्हेंबर २०२५ रोजीं समारंभपूर्वक उघडलेलें भव्य नवें संग्रहालय आहे. तूतनखामून राजाच्या थडग्यांतील पांच हजारांवर वस्तु तेथें एकत्र मांडल्या आहेत, आणि वर जावयास उद्वाहकाची सोय आहे. तिकीट आधींच घेऊन ठेवावें. राजांचे मृतदेह पाहावयाचे असल्यास ते येथें नाहींत. बावीस राजा-राण्यांचे देह ३ एप्रिल २०२१ रोजीं मिरवणुकीनें फुस्तातच्या संग्रहालयांत नेले आहेत. लक्सर ते आस्वान हा टप्पा नाईल नदींतील निवासी बोटीनें करावा. रोज सामान बांधण्याचा त्रास वांचतो. एवढेंच कीं धक्क्यावर बोटी एकमेकींस लागून उभ्या असतात, त्या ओलांडतांना मातोश्रींचा हात धरावा.

आस्वानहून अबू सिंबेल सुमारें तीनशें किलोमीटर. पहांटेपूर्वीं निघावें लागतें. तेवढा दिवस मातोश्रींनीं विश्रांति घेतली तरी चालेल, पण त्या देवळांची हकीकत त्यांस अवश्य सांगावी. आपल्या भाटघर धरणांत वेळवंडच्या कांबरेश्वराचें देऊळ बुडतें आणि पाणी ओसरलें कीं पुनः दर्शन देतें. आस्वानच्या धरणांत अबू सिंबेलचीं देवळें कायमचीं बुडालीं असतीं; म्हणून १९६४ ते १९६८ या काळांत डोंगरांत कोरलेलीं तीं देवळें कापून, सुमारें पांसष्ट मीटर वर नेऊन पुनः उभारलीं.

जेवणाची धास्ती अवास्तव आहे. भात, मसूर, शेवया, छोले व तळलेला कांदा यांचा 'कुशरी' नांवाचा पदार्थ तेथें गल्लोगल्लीं मिळतो. 'फूल' म्हणजे शिजविलेल्या एका जातीच्या शेंगदाण्याची नव्हे, तर बाकल्याच्या दाण्यांची उसळ. त्याच दाण्यांचे वडे म्हणजे 'तामिया'. मात्र मुलूखिया ही हिरवी भाजी व मसुराचें सार यांत पुष्कळदां मांसाचा रस असतो. केवळ 'मांस नको' म्हणून भागत नाहीं, कारण कोंबडीस मांस न समजणारे आचारी जगांत सर्वत्र आहेत; 'मिन गेर लहमा, मिन गेर फराख', म्हणजे मांसही नको आणि कोंबडीही नको, हें वाक्य पाठ करावें. तेथील कॉप्ट ख्रिस्ती लोकांचे उपास पुष्कळ. त्यांच्या उपासाच्या अन्नास 'सियामी' म्हणतात. त्यांत दूध-तूपही नसतें, पण मासळी असूं शकते, एवढें विचारून घ्यावें. पाणी मोहोरबंद बाटलीचेंच प्यावें.

पैशांविषयीं एवढेंच, कीं २०२३ पासून पुष्कळ मोठ्या स्थळांच्या तिकिटखिडकीवर रोकड घेत नाहींत, कार्ड लागतें. याउलट बक्षिसासाठीं सुट्या नोटा खिशांत हव्यात. पोलीस, लष्कर व पूल यांचीं छायाचित्रें काढूं नयेत. मुलांचें उडतें कॅमेऱ्याचें खेळणें घरींच ठेवावें.

ही सर्व व्यवस्था दोन संध्याकाळच्या कामाची आहे. थोरल्यांनीं आजच सगळ्यांचे पासपोर्ट कपाटांतून काढून मुदती एका कागदावर मांडाव्या. सूनबाईंनीं औषधांची यादी करावी. आणि मातोश्रींस "येतां का" असें विचारूं नये. त्यास त्या नाहींच म्हणणार. "तुमच्या पासपोर्टासाठीं पुण्यास कोणत्या दिवशीं जाऊं या" असें विचारावें.