मालकांचा करार आणि खेळणाऱ्याची मजुरी

आर. के. पुरम, नवी दिल्ली

कोणत्या संघाने किती धावांनी सामना जिंकला, हे दुसऱ्या दिवशी सकाळी आर. एम. एस.च्या सॉर्टिंगपासून रेल्वेच्या रनिंग रूमपर्यंत सर्वांना तोंडपाठ असते. पण त्याच संघाच्या मालकीच्या भांडणात कोण जिंकले, कोणाचे पैसे वसूल झाले आणि कोणाचे बुडाले, याची चर्चा सहसा होत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात आणि विषय संपतो. आमच्या मते या चार ओळी कामगाराने नीट वाचल्या पाहिजेत. त्यांत क्रिकेटपेक्षा आपल्या धंद्याचेच व्यवहार जास्त आहेत.

जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेट नियामक मंडळाचे अर्ज फेटाळले आणि ‘कोची टस्कर्स केरळ’ या संघाच्या मालकांच्या बाजूने लवादाने दिलेले निवाडे कायम ठेवले. दोन्ही निवाड्यांची मिळून रक्कम सुमारे ५३८ कोटी रुपये होते. हा संघ मैदानावर उतरला तो फक्त २०११ च्या एका मोसमात. मालकांनी बँक गॅरंटी वेळेवर दिली नाही, असे कारण दाखवून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंडळाने करार रद्द केला. मालक लवादाकडे गेले. सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी २०१५ साली मंडळाची कृती करारभंगाची ठरवली. मंडळ न्यायालयात गेले आणि तिथे आणखी दहा वर्षे गेली.

आता दुसरी बाजू पाहा. याच संघातून खेळलेला ऑस्ट्रेलियाचा ब्रॅड हॉज याने मे २०२१ मध्ये जाहीरपणे विचारणा केली की, दहा वर्षांपूर्वी कोचीसाठी खेळून मिळवलेल्या पैशांपैकी ३५ टक्के रक्कम खेळाडूंना अद्याप मिळालेली नाही, मंडळाला ती शोधून देता येईल काय? मालकाजवळ लवादाचे कलम होते, मोठे वकील होते आणि चौदा वर्षे थांबण्याची ताकद होती. ज्याने उन्हात उभे राहून काम केले, त्याच्या हाती मात्र दहा वर्षांनंतरही एक प्रश्नच उरला होता.

बंधूंनो, ही गोष्ट तुम्हाला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत असेल, तर ते साहजिक आहे. ठेकेदार बदलला, जुना बिल घेऊन गेला, नवा म्हणतो मागचे मला विचारू नका, आणि डबे धुणारा मजूर तीन महिन्यांच्या पगारासाठी डेपोच्या दारात उभा. फरक आहे तो रकमेतील शून्यांचा.

मालकीचा खेळ कसा चालतो

२००८ साली आयपीएलचे पहिले आठ संघ लिलावाने विकले गेले. मुंबईचा संघ रिलायन्सने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलरला घेतला, हैदराबादचा डेक्कन क्रॉनिकल या वृत्तपत्र कंपनीने १० कोटी ७० लाख डॉलरला आणि आमच्या दिल्लीचा जीएमआरने ८ कोटी ४० लाख डॉलरला. ही रक्कम मालक दहा वर्षांत हप्त्याने देणार, त्यासाठी बँकेची हमी ठेवणार, आणि प्रक्षेपणाच्या हक्कांतून येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा मंडळाकडून घेणार, असा हा व्यवहार. म्हणजे संघाचा ‘मालक’ हा खरे पाहता मंडळाचा ठेकेदार आहे. स्पर्धा मंडळाची, नियम मंडळाचे, प्रक्षेपणाचा सौदा मंडळाचा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांतून मंडळाला ४८,३९० कोटी रुपयांचा सौदा मिळाला. संघमालक एका शहराचा मक्ता घेतो, एवढेच.

मक्त्याच्या धंद्यात जे होते तेच इथेही झाले. डेक्कन चार्जर्सने २००९ साली स्पर्धा जिंकली. पण तीन वर्षांत मालक कंपनी कर्जात बुडाली, खेळाडूंचे पैसे थकले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये मंडळाने करार संपवला. न्यायालयाने मुदत दिली, १०० कोटींची बँक हमी मागितली, ती कंपनीला देता आली नाही. लगेच हैदराबादचा मक्ता सन टीव्हीला वर्षाला ८५ कोटी ५ लाख रुपयांना गेला. जुन्या मालकाने लवाद चालूच ठेवला. जुलै २०२० मध्ये लवादाने मंडळाला ४,८१४ कोटी ६७ लाख रुपये व व्याज देण्यास सांगितले, आणि जून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. एका करारात एक न्यायाधीश साडेचार हजार कोटींहून अधिक पाहतो, दुसरा तोच निवाडा रद्द करतो. इतकी मोठी जुगारासारखी रक्कम ज्या कागदावर अवलंबून असते, त्या कागदावर खेळाडूच्या थकलेल्या पगाराची हमी देणारे एक सरळ कलम असू नये?

पुण्याचा धडा

महाराष्ट्राला या प्रकरणाचा जवळून अनुभव आहे. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १,७०२ कोटी रुपयांना घेतला. त्या वेळची ही सर्वांत मोठी बोली. बोली लावताना हंगामात ९४ सामने होतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात ७४ झाले. सामने कमी तर फी कमी करा, असे सहाराचे म्हणणे, मंडळ ऐकेना. फेब्रुवारी २०१२ मध्ये सहाराने एकदा अंग काढून घेतले, मग परत आले. मे २०१३ मध्ये मंडळाने बँक हमी वटवली आणि सहारा कायमचा बाहेर पडला. ऑक्टोबरमध्ये करार अधिकृतपणे संपला. गहुंजे येथील मैदानाला दिलेले सहाराच्या प्रमुखाचे नावही पैसे थकल्यामुळे उतरवावे लागले.

या भांडणात टपाल कामगारांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. ज्या काळात हा समूह पुण्याच्या संघावर सतराशे कोटींची बोली लावत होता, त्याच काळात त्याच्या दोन कंपन्या देशभरातील लहान लहान लोकांकडून पैसे गोळा करीत होत्या. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कंपन्यांना २४ हजार कोटींच्या घरातील रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. पुढे समूहाच्या सहकारी संस्थांतील ठेवीदारांना पैसे परत मागण्यासाठी सरकारला २०२३ च्या जुलैमध्ये वेगळी व्यवस्था उघडावी लागली. हे ठेवीदार कोण? भाजीवाले, रिक्षावाले, शेतमजूर. ज्यांच्या दारात आमचा ग्रामीण डाक सेवक आवर्ती ठेवीचे पासबुक घेऊन जातो, तेच हे लोक. टपाल खात्याच्या बचतीमागे सरकारची हमी असते, म्हणून तिला झगमगाट नसतो. ज्याच्या मागे हमी नसते त्याला संघ, जर्सी आणि मैदानावरचे नाव लागते. हा फरक लोकांना समजावून सांगणे हे आमच्या खिडकीवरच्या माणसाचे काम आहे, आणि त्या खिडक्या कमी करणाऱ्यांना तो ऐकवणे हे संघटनेचे.

खेळाडूला वेगळा कायदा

मालक भांडतात तेव्हा त्यांना लवाद मिळतो. खेळाडू अधिक मजुरी मागतो तेव्हा त्याला काय मिळते? २०१० साली रवींद्र जडेजा याने राजस्थानच्या संघाशी करार नव्याने न करता दुसऱ्या संघाशी बोलणी केली, म्हणून त्याला पूर्ण मोसम बाहेर बसवण्यात आले. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने आपल्या कामाची अधिक किंमत विचारली, हा त्याचा गुन्हा. २०२५ मध्ये इंग्लंडच्या हॅरी ब्रूकने लिलावात निवड झाल्यावर माघार घेतली, तेव्हा त्याला नियमानुसार दोन वर्षांची बंदी झाली. शिस्त हवी, हे आम्हाला मान्य आहे. सहारालाही बँक हमी गमवावी लागली, हेही खरे. पण मालकाच्या चुकीचा निकाल न्यायालयात दहा वर्षांनी लागतो, खेळाडूच्या चुकीचा निकाल मंडळाच्या दालनात काही दिवसांत लागतो. तक्रारदारही मंडळ, न्यायाधीशही मंडळ.

कोणी म्हणेल, हे खेळाडू कोट्यधीश, त्यांच्यासाठी गँगमनने अश्रू का ढाळावेत? प्रश्न रास्त आहे. पण संघात चार-पाच जण कोट्यधीश असतात. २०११ साली देशासाठी न खेळलेल्या भारतीय खेळाडूला लिलावात स्थानच नव्हते. त्याला मोसमाचे १०, २० किंवा ३० लाख असे ठरीव दर होते. त्याचे आयुष्य दुखापतीच्या एका दिवसावर उभे असते. आणि त्याच्या मागे रोलर फिरवणारा, खेळपट्टीवर आच्छादन ओढणारा, सामान वाहणारा मजूर असतो, ज्याचे नाव कोणी घेत नाही. वरच्या पगारदाराचे बुडवता येतात, तिथे खालच्याचे बुडवणे किती सोपे असेल, याचा विचार करावा.

या खालच्या कामगारांसाठी एक निकाल मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, नियामक मंडळाचे काम व्यापारी स्वरूपाचे आहे आणि कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या दृष्टीने त्याला ‘दुकान’ मानता येते. आपण केवळ खेळाचा प्रसार करतो, हा मंडळाचा बचाव टिकला नाही. हजारो कोटींचा सौदा करणाऱ्या संस्थेला आपल्या कर्मचाऱ्यांचा विमा भरण्याची जबाबदारी टाळायची होती आणि त्यासाठी ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली! दोन वर्षांनी, मे २०२४ मध्ये, मंडळाने नियमित मैदानांवरील कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येकी २५ लाख व इतर तीन मैदानांसाठी प्रत्येकी १० लाखांचे बक्षीस जाहीर केले. त्या मजुरांच्या हाती चार पैसे पडत असतील तर आनंदच आहे. पण बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीने येते आणि मर्जीने जाते. विमा हा हक्क आहे.

मुख्य मालकाची जबाबदारी

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक साधे तत्त्व होते. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मुख्य मालकाने ती द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. त्या संहितांबद्दलचे आपले आक्षेप आपल्या जागी आहेत, पण हे तत्त्व त्यांतही राहिले आहे. क्रिकेट खेळाडू कायद्याच्या अर्थाने कंत्राटी मजूर नसेल. तरी तत्त्व तेच लागू पडायला हवे. स्पर्धा मंडळाची, तर संघ बुडाल्यावर खेळाडूचे पैसे आधी मंडळाने द्यावेत आणि मग मालकाशी खुशाल पंधरा वर्षे भांडावे. हमीची रक्कम मंडळाच्या हातात असतेच. ती वटवल्यावर त्यातून पहिला वाटा मजुरीचा, हे करारात लिहायला काय अडचण आहे?

हा क्रिकेटचा प्रश्न आहे असे समजून रेल्वे कामगाराने पान उलटू नये. आर. के. पुरमपासून जवळ, धौला कुआँवरून, विमानतळ मेट्रो जाते. ही मार्गिका फेब्रुवारी २०११ मध्ये खासगी कंपनीकडून सुरू झाली. जुलै २०१२ मध्ये दोषांच्या कारणावरून बंद पडली, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा चालू झाली आणि त्याच वर्षी कंपनीने हात झटकले. १ जुलै २०१३ पासून गाड्या दिल्ली मेट्रोने स्वतः चालवल्या आणि त्या आजही चालतात. दरम्यान लवादाने २०१७ मध्ये सार्वजनिक मेट्रोवर २,७८२ कोटी व व्याज असा बोजा टाकला. व्याजासह तो ८ हजार कोटींच्या आसपास पोहोचला. सर्वोच्च न्यायालयाने आधी २०२१ मध्ये निवाडा उचलून धरला आणि शेवटी १० एप्रिल २०२४ रोजी तो रद्द करून आपली पूर्वीची चूक दुरुस्त केली. सात वर्षे ही तलवार जनतेच्या पैशावर लटकत होती. मालक गेला तरी गाडी चालवणारे हात तेच होते. स्थानके, गाड्या, सफाई, पार्सल, जे जे खासगी मक्त्याने देण्याच्या गोष्टी चालल्या आहेत, त्या प्रत्येक करारात मालक पळाला तर काय, याची कलमे असतात. कामगाराचे काय, याचे कलम आहे का, हे आपण विचारले पाहिजे.

आपला खेळाडू, आपली संघटना

रेल्वेने खेळाडूला नोकरी दिली, ती उपकार म्हणून नव्हे. महेंद्रसिंह धोनी खरगपूरला तिकीट तपासत होता, तेव्हा त्याच्यामागे पगार, पास आणि औषधोपचार होते. रेल्वेच्या संघाने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये रणजी करंडक जिंकला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या मैदानावर हजारोंच्या गर्दीसमोर विराट कोहलीचा त्रिफळा उडवला तो रेल्वेच्या हिमांशू सांगवानने. लिलावात बोली लागो न लागो, अशा खेळाडूला पहिल्या तारखेला पगार मिळतो. सरकारी नोकरीचे हे मोल खेळाडूंच्या लिलावाच्या गदारोळात विसरू नये.

आणि शेवटी संघटना. १९८९ साली दिलीप वेंगसरकर, कपिल देव, रवी शास्त्री यांच्यासह सहा खेळाडूंवर अमेरिकेत सामने खेळल्याबद्दल मंडळाने एक वर्षाची बंदी घातली. खेळाडू एकत्र राहिले, न्यायालयात गेले आणि बंदी उठली. त्यानंतर ती एकजूट टिकली नाही. २०१९ मध्ये जी भारतीय खेळाडूंची संघटना स्थापन झाली ती निवृत्तांची आहे. खेळणाऱ्याला अजून आपली संघटना नाही. म्हणूनच कोचीच्या मालकांचे भांडण निवाड्यापर्यंत पोहोचले आणि खेळाडूचे भांडण एका जाहीर विचारणेवर थांबले.

आमची मागणी तीन शब्दांत बसणारी नाही, पण गुंतागुंतीचीही नाही. संघाचा करार संपला की हमीच्या रकमेतून पहिले देणे खेळाडू व कर्मचाऱ्यांच्या मजुरीचे असावे. मैदानावर राबणाऱ्या प्रत्येक हाताला विमा व भविष्य निर्वाह निधी मिळावा. खेळणाऱ्या खेळाडूंना संघटना स्थापन करण्याची मोकळीक असावी आणि मंडळाने तिच्याशी वाटाघाट करावी. या तीनही गोष्टी रेल्वे व टपाल कामगारांनी लढून मिळवल्या, त्यासाठी १९७४ मध्ये तुरुंग आणि सेवाखंडही सोसला. तेव्हा पुढच्या मोसमात आपल्या आवडत्या संघासाठी टाळी जरूर वाजवा. पण ज्या डेपोत, ज्या कार्यालयात नवा ठेकेदार येईल, तिथे त्याच्या करारातले मजुरीचे कलम मागून घ्या, आणि ते नसेल तर त्याच दिवशी शाखेत ठराव करा.