डोझरचा एकाच बाजूचा क्लच उघडू नका

मागच्या व्हिडिओत जुन्या डोझरचे स्टीअरिंग क्लच उघडून दाखवले, पण हिशेबाचं बोलायचं राहून गेलं. ते इथे लिहितो. माझं मत सरळ आहे. चेनच्या जुन्या मशीनची एकच बाजू उघडून काम पुरं झालं म्हणू नका, आणि उघडायच्या आत एकरकमी भाव सांगू नका. गिऱ्हाईक थोडं नाराज झालं तरी चालेल.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. या मशीनला गोल स्टीअरिंग नसतं, दोन लिव्हर असतात. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून मागच्या बेव्हल गिअरपर्यंत येते आणि तिथून डावीउजवीकडे फुटते. दोन्ही बाजूंना एकेक क्लच असतो. त्यात लायनिंगच्या आणि स्टीलच्या प्लेटा आलटूनपालटून बसवलेल्या असतात, आणि जोरकस स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. डावा लिव्हर ओढला की डाव्या चेनची ताकद तुटते, उजवी चालत राहते, आणि मशीन डावीकडे वळतं. जागेवर वळवायचं तर लिव्हरनंतर त्याच बाजूचा ब्रेक दाबायचा.

महाड-पोलादपुरात आता बहुतेक काम पोकलेन आणि जेसीबीकडे गेलंय. तरी बीईएमएलचे जुने डी ५०, डी ८० कुठे ना कुठे उभे दिसतात. नवीन घेणं परवडत नाही म्हणून मालक तेच चालवतात, आणि दुरुस्तीला आपल्यासारख्यांकडे येतात.

आता माझी चूक सांगतो. एका काकांचा डोझर आला होता. वरकस जमिनीत आंबा-काजूसाठी टप्पे पाडायचं काम चालू होतं. ब्लेडपुढे माती साठली की मशीन डावीकडे ओढायचं. म्हणजे डावा क्लच सरकत होता, निदान बरोबर होतं. काका म्हणाले, "भाऊ, डावाच कर, उजवा चांगला आहे." मीही मान हलवली, कारण आकडा लहान सांगितला की काम हातचं जात नाही. सीट काढली, मागची डिझेलची टाकी उतरवली, डाव्या प्लेटा बदलल्या, मशीन झकास चाललं. महिना व्हायच्या आत उजवी बाजू सरकायला लागली. उघडून बघतो तर सील गेलेलं, तेल झिरपून कोरड्या क्लचच्या प्लेटा चिकट झालेल्या. परत सीट, परत टाकी, परत तीच मजुरी. दुसऱ्या वेळचे पैसे मागायला तोंड नव्हतं. त्यात पाऊस लागला आणि काकांचे वरचे टप्पे त्या वर्षी राहिले ते राहिलेच. बीबीएला कॉस्टिंगचा अख्खा पेपर होता, पण हा धडा त्यात नव्हता.

नीट बघा, या कामात खर्च कुठे आहे? उघडण्यात आणि परत बसवण्यात. तेवढं एकदा झाल्यावर दुसरी बाजू तपासणं तुलनेत स्वस्त पडतं. दोन्ही बाजूंच्या प्लेटा बदलाच, असं मी म्हणत नाही. उजव्या प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजा. ती त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल, स्टील प्लेटा वाकलेल्या नसतील, ड्रमच्या दात्यांना खाचा पडलेल्या नसतील, तर त्याच परत घाला. सील मात्र नवीन टाका. दीडदोनशेचं रबर वाचवून हजारोंचं काम पणाला लावू नका.

"नुसतं ॲडजस्ट करून द्या" म्हणणारेही भरपूर. लिव्हरला सुरुवातीला थोडा मोकळा प्ले असावा लागतो. लायनिंग झिजतं तसा तो कमी होतो. अजिबात उरला नाही की स्प्रिंगांचा दाब पुरा बसत नाही, क्लच सरकतो, जळतो. फार ठेवला तर क्लच पुरता सुटत नाही, मशीन वळायला कुरकुरतं. तेव्हा ॲडजस्टमेंट लागतेच, पण ती झिजेची भरपाई आहे, झिजलेली प्लेट त्याने जाड होत नाही. काही ऑपरेटरना लिव्हर लवकर धरलेला आवडतो, म्हणून ते प्ले काढूनच टाकतात. असं मशीन आलं तर आधी प्ले मॅन्युअलप्रमाणे लावून चालवून बघा. कधीकधी तेवढ्यातच भागतं, आणि तसं असेल तर तेवढेच पैसे घ्या. ज्या मॉडेलांचे क्लच तेलाच्या दाबावर चालतात, त्यांचा आधी दाब तपासा, मग प्लेटांवर संशय घ्या.

आपल्या भागात तर ही फक्त पैशांची गोष्ट नाही. उतारावर लिव्हर ओढला की त्या बाजूची चेन मोकळी होते आणि वजनाने जास्त पळते, मशीन उलट दिशेला वळतं. मुरलेले ऑपरेटर म्हणूनच उतरताना उलटा लिव्हर धरतात. हे सगळं हाताच्या सवयीवर चालतं. एक लिव्हर चटकन सुटतो आणि दुसरा अडकत सुटतो, अशा मशीनवर ती सवय दगा देते. आंबेनळी घाटासारख्या ठिकाणी दरड काढताना एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असते. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, तेव्हा पुराने आणि दरडींनी बंद पडलेल्या रस्त्यांमुळे मदत पोहोचायला वेळ लागला, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी कुठलंही मशीन बोलावलं जातं, आणि त्यावर कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो.

त्याच पुरात महाडात सावित्रीचं पाणी भरलं होतं. पाण्यात राहिलेल्या मशीनचा कोरडा क्लच गंजून प्लेटा एकमेकींना चिकटतात, लिव्हर ओढला तरी चेन सुटत नाही. असं मशीन आलं की आधी खालचा ड्रेन प्लग काढून पाणी येतंय की तेल ते बघा. जोरात ओढाताण करून सोडवू नका, उघडा.

उघडताना स्प्रिंगा दाबाखाली असतात. बोल्ट एकदम सोडू नका, सगळे थोडेथोडे, समान सैल करा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

आता माझ्याकडे बिलाचे दोन भाग असतात. पहिला, दोन्ही बाजू उघडून तपासण्याचा, तो ठरलेला. प्लेटांची मापं घेतली की व्हर्नियरसकट फोटो मालकाच्या व्हॉट्सॲपवर जातात. दुसरा भाग त्यानंतर ठरतो आणि पार्टचे पैसे आधी घेतो, कारण मागवलेल्या प्लेटा दुकानात पडून राहिल्या तर आपण अडकतो. "पैसे नाहीत, एकच बाजू कर" म्हणणारे अजून येतात. त्यांना मी सांगतो, थांबा, मे महिन्यापर्यंत पैसे जमवा, तोवर मशीन सपाटीवर हलकं चालवा. काही जण दुसऱ्या गॅरेजला जातात. काका मात्र अजून माझ्याकडेच येतात, आणि दरवेळी टाकी उतरवताना हसतात.