पाठीला विसावा हवा, कर्ज नको

लावणी-कापणीच्या दिवसांत आपली पाठ दिवसभर वाकलेली असते. रात्री तिला विसावा मिळालाच पाहिजे. पण त्यासाठी कर्ज काढून, डोक्याकडे व पायांकडे वर-खाली होणारी महागडी कॉट घ्यावी, असे आम्हांला वाटत नाही. तशी कॉट अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना उपयोगी. इतरांचे बहुधा उशीने भागते. उताणे झोपल्यास ती गुडघ्यांखाली, कुशीवर झोपल्यास दोन्ही गुडघ्यांमध्ये ठेवावी. झोळ पडलेली बाज आवळून घ्यावी. पण फार कठीण अंथरूणही नको. स्पेनमधील ३१३ जुनाट पाठदुखीच्या रुग्णांवरील, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादी गुणकारी ठरली. पायांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.