वृद्धांचा शेजार आणि आपले कर्तव्य

सुरत शहराच्या भूतदयेची साक्ष परकीयांनीही दिलेली आहे. इ.स. १६८९ साली येथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या प्रवासवृत्तात येथील जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन केले असून आजारी, लंगड्या आणि वयाने थकलेल्या गाई, घोडे, शेळ्या व कुत्री यांची तेथे जोपासना होई असे नमूद केले आहे. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली मोतीशा शेठ आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने उभी राहिली व व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून ती चालविली. उपयोग संपलेल्या प्राण्याचाही सांभाळ झाला पाहिजे, आणि त्याचा भार बाजाराने नियमाने वाहिला पाहिजे, ही व्यवस्था आपल्या पूर्वजांनी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेविली. व्यापारी समाजास याचा अभिमान वाटणे योग्यच आहे.

परंतु त्याच गौरवाच्या प्रकाशात एक प्रश्न विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. गोपीपुऱ्यातील अरुंद पोळीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्ध श्राविकेसाठी आपण कोणती व्यवस्था केली आहे? तिला अन्नवस्त्राची ददात नाही. मुलगा वेसूस नव्या सदनिकेत, मुंबईस किंवा हिऱ्याच्या व्यापारानिमित्त अँटवर्पला असतो. पैसे वेळेवर येतात, दूरध्वनीही येतो. पण जिना उभा आहे आणि गुडघे साथ देत नाहीत. देरासर शंभर पावलांवर असूनही दर्शन घडत नाही. पेठांतून असे अनेक उंबरठे आहेत आणि त्यांच्या शेजारी राहणारे आपण बहुतेक सर्व या संघटनेचे सभासद आहोत.

आपल्यापैकी जी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार, अमळनेर या बाजूंनी तापीकाठच्या रेल्वेने येथे आली आणि कापडबाजारात स्थिरावली, त्यांच्या घरचा प्रकार थोडा निराळा आहे. गावी आयुष्य काढलेले आईवडील मुलांनी प्रेमाने पर्वत पाटियास किंवा गोडादऱ्यास आणून ठेविले. घर भरलेले आहे. तथापि सकाळी दुकानाची वेळ झाली की ते रिकामे होते. खाली बाकावर चालणारी बोलणी गुजरातीत वा हिंदीत. ज्यांच्या ओटीवर गावी दिवसभर माणसांची ये-जा असे, त्यांस येथे आपल्या बोलीत दोन शब्द बोलण्यास संध्याकाळची वाट पाहावी लागते. एकटेपणा केवळ एकट्या घरातच असतो असे नाही.

यावर उपाय म्हणून वृद्धाश्रम बांधण्याची सूचना आपल्या समाजात वारंवार पुढे येते. ज्यांस कोणीच नाही, ज्यांचा आजार घरी सांभाळण्यापलीकडे गेला आहे, त्यांच्यासाठी अशा संस्था अवश्य असाव्यात. परंतु हिंडत्याफिरत्या, विचाराने शाबूत असलेल्या वृद्धास त्याचे घर, त्याचा उपाश्रय, त्याचा दूधवाला आणि त्याची खिडकी यांपासून उचलून शहराबाहेरच्या सुंदर इमारतीत नेऊन ठेवणे हे त्याच्या गरजेचे उत्तर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची गरज पुष्कळदा आठवड्याला तीन-चार तासांच्या मदतीची असते. तेवढी न मिळाल्यामुळे त्याचे सारे घर सुटते. इमारतीवर नावाची पाटी लावता येते व तासांवर लावता येत नाही, एवढ्याच कारणाने आपण इमारतीकडे वळत असू तर ते आत्मपरीक्षणास योग्य आहे.

आपल्या धर्माने या कार्यास फार उंच स्थान दिले आहे. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान अशी सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत. त्यांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हे स्वाध्याय आणि ध्यान यांच्याही आधी येते. ते मूळ साधुसंघाच्या संदर्भात सांगितले गेले हे खरे; आणि चातुर्मासात साधुसाध्वींच्या वैयावृत्त्यासाठी आपले श्रावक-श्राविका किती तत्परतेने धावतात हे प्रत्येक उपाश्रयात दिसते. गृहस्थासाठी तीच भावना सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत सामावलेली आहे. साधर्मिकाविषयी प्रेम हे वात्सल्य. रोगी वा जराजर्जर शरीराची किळस न येणे ही निर्विचिकित्सा. आणि आचरणापासून ढळू लागलेल्यास पुन्हा स्थिर करणे हे स्थितिकरण.

या स्थितिकरणाचा एक व्यावहारिक दाखला पाहावा. जन्मभर चौविहार पाळलेल्या वृद्धेस सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे असते. मार्गशीर्षात येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सून नोकरीवर, मुलगा बाजारात, आणि बाहेरून येणारा डबा साडेसातला. मग ती एक तर उपाशी निजते किंवा पन्नास वर्षांचा नियम मोडते, आणि दोन्ही गोष्टी कोणास सांगत नाही. शेजारच्या घरातून पाच वाजता गरम भाकरी आणि मुगाची डाळ गेली तर तिचे शरीरही राहील आणि व्रतही राहील. गोपीपुऱ्यातील आगममंदिरात आपण आगम ताम्रपटांवर कोरून ठेविले आहेत. ते कोरणाऱ्यांची भक्ती थोर होती. पाच वाजता पोहोचणारे ते ताट म्हणजे त्याच वचनांचे आचरण होय.

स्थानांगसूत्रात साठ वर्षे वयाच्या श्रमणास जातिस्थविर म्हटले आहे. योगायोग असा की आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्यानेही ज्येष्ठत्वाची रेषा साठ वर्षांवरच आखली. २०११ च्या जनगणनेत देशात अशी सुमारे १० कोटी ३८ लक्ष माणसे होती, आणि हे प्रमाण वाढतच आहे. त्या कायद्यान्वये वृद्ध मातापित्यांस न्यायाधिकरणाकडे जाऊन निर्वाहाची रक्कम मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मिळविता येते. २०२१ पासून १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीही सुरू झाली आहे. या सर्व सोयींचे आम्ही स्वागत करतो. परंतु कायदा रक्कम देववू शकेल, जिना चढून येऊन "काकी, आज बरे आहे ना?" असे विचारणारा माणूस तो कोठून देणार? तो शेजारानेच दिला पाहिजे.

हे घडू शकते याचे दाखले देशात व परदेशांत आहेत. केरळात १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशामक शुश्रूषेची एक संस्था सुरू झाली आणि पुढे मलप्पुरम व आसपासच्या भागात तिच्यातून शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी असे सामान्य लोक थोडे प्रशिक्षण घेऊन ठरलेल्या दिवशी दीर्घ आजाऱ्यांच्या व वृद्धांच्या घरी जाऊ लागले. खर्च गावातल्या लहान देणग्यांतून भागू लागला. अमेरिकेत बॉस्टन शहराच्या बीकन हिल या जुन्या वस्तीतील वयस्क रहिवाशांनी आपले घर सोडावयाचे नाही असा निश्चय करून २००२ साली आपलीच एक सभासदसंस्था चालू केली. तिचे अनुकरण पुढे तेथील अनेक गावांनी केले. जपानात तर १९१७-१८ पासून चालत आलेली, वस्तीतील वृद्ध व गरजू यांची विचारपूस करणाऱ्या मानद सेवकांची परंपरा असून आज त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. इकडे महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ १९८० पासून कार्य करीत आहे. मात्र संघाच्या सभेस जो येऊ शकतो तो जिना उतरू शकतो. ज्यास उतरता येत नाही त्याच्याकडे कोणी चढून गेले पाहिजे.

सुरतेस तर हे शिकविण्याचेही कारण नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, तेव्हा वरच्या मजल्यांवर अडकलेल्यांना दूध आणि पाणी पोहोचविणारे हात पुष्कळ ठिकाणी शेजाऱ्यांचेच होते. २०२० च्या टाळेबंदीत औषधाची यादी घेऊन दारोदार फिरणारे तरुण आपल्याच सोसायट्यांतील होते. मात्र आपत्ती ओसरली की शेजारही ओसरतो. वार्धक्याची आपत्ती रोजची आणि आवाज न करणारी असल्यामुळे तिच्यासाठी कोणी धावत नाही. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आपण घरोघर जाऊन वृद्धांपुढे हात जोडतो, क्षमा मागतो आणि वर्षभरासाठी दार लोटून घेतो. ज्या उपेक्षेबद्दल क्षमा मागावयाची ती पुढील वर्षी तशीच चालू ठेवणे हे क्षमापनेच्या अर्थाशी जुळत नाही.

यास्तव आमची सूचना अशी आहे. संघटनेने देरासर व स्थानक यांच्या परिसरानुसार वस्तीचे भाग पाडावेत. ज्या वृद्धांची इच्छा असेल त्यांचीच नावे, त्यांच्या संमतीने, नोंदवावीत. ही यादी सभासदसूचीत छापू नये. कोण एकटे राहते हे जाहीर होणे धोक्याचे आहे. प्रत्येक वृद्धामागे चालत जाण्याच्या अंतरावर राहणारे दोन स्वयंसेवक असावेत, म्हणजे एक गावी गेला तरी खंड पडणार नाही. नवकारसीच्या सुमारास रोज एक दूरध्वनी आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक भेट, एवढाच नेम असावा. औषधे आणणे, वैद्यांकडे सोबत करणे, नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला करून देणे, गेलेला दिवा बदलणे, पर्वतिथीला हात धरून देरासरात नेणे, ही कामे क्षुल्लक दिसतात; पण त्यांवरच घर टिकते. स्नानगृहात धरावयाचा दांडा व जिन्यास दुसऱ्या बाजूचा कठडा बसविण्याचा खर्च संघटनेने उचलावा. एक पडणे टळले तर त्या खर्चाची अनेक पटींनी भरपाई होते.

मर्यादाही प्रारंभीच आखल्या पाहिजेत. स्वयंसेवकाने वृद्धाच्या पैशास, दागिन्यांस, बँकेच्या गुप्त अंकांस वा मृत्युपत्राच्या बोलण्यास स्पर्श करू नये. पिता-पुत्रांच्या वादात पंच होऊ नये. स्त्रियांकडे स्त्रियांनीच जावे. पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून, "तुम्हांस दूरध्वनीवरच अटक झाली आहे" असे सांगून वृद्धांची पुंजी लुटणारे ठग हल्ली फार झाले आहेत. अशा वेळी घाबरून पैसे धाडण्यापूर्वी विचारावयास एक ओळखीचा आवाज असणे हेच मोठे संरक्षण होय. ज्यांची स्मृती गेली आहे किंवा ज्यांनी अंथरूण धरले आहे, त्यांस शिकलेल्या परिचारिकेचीच गरज असते. तेथे हौशी सेवेचा आग्रह धरू नये.

काही सुज्ञ बंधू म्हणतील की हे मुलांचे कर्तव्य आहे; शेजाऱ्याने हात घातला तर मुलाची अब्रू जाते. आम्हांस हे मान्य नाही. मुलाचे कर्तव्य मुलाकडेच राहते. शेजारी केवळ मधले अंतर भरून काढतो. आई पडून दोन दिवसांनी कळले, यात अब्रू अधिक जाते. दुसरा आक्षेप, उत्साह चार महिन्यांत मावळतो, हा खरा आहे. त्याचे उत्तर व्यापाऱ्याजवळच आहे. आपली दुकाने उत्साहावर चालत नाहीत, रोजमेळावर चालतात. भेटींचीही तशीच नोंद ठेवावी, दर महिन्यास पडताळावी, आणि ज्यास जमत नाही त्यास सहा महिन्यांनी सन्मानाने मोकळे करावे.

आणि एक गोष्ट. घेणाऱ्याचा हात नेहमी खाली राहिला तर त्याचे मन दुखावते. आपल्या वृद्धांजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांनी गादीवर बसून चाळीस वर्षे वह्या लिहिल्या त्यांनी तरुणांस माणूस पारखून उधारी कशी द्यावी हे शिकवावे. ज्यांस प्रतिक्रमण मुखोद्गत आहे त्यांनी शेजारच्या मुलांस ते म्हणावयास शिकवावे. तत्त्वार्थसूत्रकार उमास्वातींनी जीवांचे कार्य एकमेकांच्या उपयोगी पडणे हेच सांगितले आहे, आणि महावीर निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षी सर्व पंथांनी मिळून स्वीकारलेल्या प्रतीकाखाली तेच सूत्र कोरले गेले. त्यातील परस्परभाव विसरला तर सेवा ही भीक होते.

येत्या दिवाळीस आपण नव्या वह्यांचे पूजन करू, पहिल्या पानावर गौतमस्वामी, शालिभद्र, कयवन्ना शेठ यांचे स्मरण करू. त्याच वहीत एक खाते शेजाऱ्याचेही उघडावे, अशी आमची सर्व सभासदांस व विशेषतः घरातील भगिनींस आणि तरुणांस विनंती आहे. त्यात रुपये लिहू नयेत, तास लिहावेत. आणि वर्षअखेरीस खाते पाहताना आपणच देणेकरी आहोत हे ध्यानात ठेवावे, कारण ज्या पेठेत आज आपली पत आहे, ती याच वृद्धांनी मिळवून दिलेली आहे.

जय जिनेंद्र.