दूध, खजूर आणि शेजाऱ्याची वाटी

रमजानचा तिसरा आठवडा उलटला की घराघरांत एक हिशेब सुरू होतो. मुलांचे कपडे, फित्रा आणि शिरखुर्म्याचा सुकामेवा. पिस्ता, बदाम, काजू, चारोळीची यादी वाण्यासमोर ठेवली की आकडा ऐकूनच दोन जिन्नस खोडले जातात. घरापुरते कसेबसे भागते. पण शेजारच्या चार घरी काय पाठवायचे? कितीतरी घरांत या प्रश्नाला आता ‘यंदा राहू दे’ असे उत्तर मिळते. ईदची वाटी एका वर्षी चुकली की पुढच्या वर्षी ती पाठवायला संकोच वाटतो. तिसऱ्या वर्षी दोन्ही दारे सवयीनेच बंद राहतात.

खरे तर शिरखुर्म्याचे नाव फार साधे आहे. फारसीत ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. पिस्ता-बदामाचा त्या नावात उल्लेखही नाही. ज्याला परवडते त्याने ते जरूर घालावेत. पण ज्याला परवडत नाही, त्याने त्यापायी शेजार तोडू नये. दूध आणि खजूर या दोन जिन्नसांच्या आधाराने घरात एक साधा फ्रूट केक होतो आणि तो चार घरी सहज पोचतो.

त्याला महागडा अजवा खजूर लागत नाही. इफ्तारसाठी आणलेला साधा, मऊ, काळा खजूर पुरतो. बिया काढलेले अठरा-वीस खजूर एक वाटी गरम दुधात तासभर भिजवावेत आणि त्याच दुधात वाटावेत. त्यात अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी गोडेतेल आणि दोन चमचे दही घालून घोटावे. अर्धी वाटी कणीक, एक वाटी मैदा, एक लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावे. मूठभर बेदाणे आणि मूठभर टुटीफ्रुटी कोरड्या मैद्यात घोळवून शेवटी घालावी, म्हणजे ती तळाशी बसत नाही. टुटीफ्रुटी म्हणजे तरी काय, साखरेच्या पाकात मुरवलेली कच्ची पपई! घरात संत्रे असेल तर त्याची साल किसून घालावी. वासाला दुसरे काही लागत नाही.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात मिठाचा थर पसरून त्यावर छोटी तिवई ठेवावी. झाकण लावून दहा मिनिटे तापवावे, मग केकचे भांडे आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास जाऊ द्यावा. सुरी खुपसून पाहावी; कोरडी निघाली की केक झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये.

रोजेदार गृहिणीसाठी यात एक सोय आहे. सालन किंवा खीर करताना मीठ-साखर चाखता येत नाही म्हणून तिचा जीव टांगणीला असतो. केक मापाने होतो, चाखण्यावर अवलंबून नसतो. शिवाय चांदरातीला भाजून ठेवला तर ईदच्या सकाळची धावपळही वाचते.

या केकमध्ये अंडे नाही. दही आणि सोडा एकत्र आले की वायूचे बुडबुडे तयार होतात आणि केक फुलतो. खजुराच्या गरामुळे तो ओलसर राहतो. अंडे टाळण्यात पैसे वाचतात, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ‘यात अंडे आहे का?’ हा प्रश्न शाकाहारी शेजारी बहुधा तोंडाने विचारत नाही. तो हसून बशी घेतो, आभार मानतो आणि आतल्या खोलीत ती बशी तशीच राहते. देणारा खूश, घेणारा अवघडलेला. अशा देवाणघेवाणीतून ओळख वाढत नाही. त्यापेक्षा दारातच सांगावे, ‘वहिनी, यात अंडे नाही, भांडेही वेगळे वापरलेय.’ ही कोणाची भीती नाही आणि माघारही नाही. पाहुण्याची पथ्ये सांभाळणे याला आपल्याकडे पाहुणचारच म्हणतात. आणि घेणाऱ्यानेही शंका असेल तर मोकळेपणाने विचारावे. विचारण्याने कोणी दुखावत नाही. न विचारता दूर राहिल्याने मात्र दुखावते.

केक हा कुठला आपला पदार्थ, असेही कोणी म्हणेल. पण कोकणात काकडीचे धोंडस वर-खाली निखारे ठेवूनच भाजत आले आहेत. तो गुळाचा केकच आहे. दिवाळीत रवा, तूप, साखर घेऊन गावातल्या भट्टीवर नानकटाई भाजून आणणाऱ्या घरांना तर वेगळे सांगायला नको. केरळातल्या तलश्शेरीत मांबळ्ळी बापूंनी 1883 मध्ये एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक बनवला, असे सांगतात. इलाहाबादी केकमध्ये पेठा आणि साजूक तूप असते आणि नाताळाआधी तिथली ख्रिस्ती कुटुंबे आपले साहित्य घेऊन बेकरीत भाजून आणतात. त्या भट्ट्यांवर मुस्लिम कारागीरही असतात. खुद्द ब्रिटनमध्ये 1940 साली लोणी आणि साखरेचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा गृहिणींनी गाजर किसून केकला गोडी आणली. जिथे जे हाताशी होते ते केकने सामावून घेतले. आपल्या हाताशी खजूर आहे.

खरी अडचण साहित्याची नसून मनाची आहे. ‘इतके साधे पाठवले तर लोक काय म्हणतील?’ ईदची वाटी आणि दिवाळीचा फराळ यांचे मोल सुकामेव्याच्या वजनावर ठरू लागले, की गरिबाच्या घराचा दरवाजा आधी बंद होतो. पैगंबरांची शिकवण याबाबत अगदी व्यवहारी आहे: रस्सा शिजवताना पाणी थोडे जास्त घालावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी. मसाला वाढवा, असे त्यात सांगितलेले नाही. भर आहे तो वाटा निघण्यावर.

आपल्या गावांत शेजारचे भांडे रिकामे परत करत नाहीत. साखर का होईना, त्यात घालूनच देतात. हा रिवाज दोन्हीकडचा आहे आणि तो टिकला आहे तो साखरेच्या चिमटीवर, पिस्त्यावर नाही. म्हणून ज्या घरात यंदा यादीतले दोन जिन्नस खोडले गेले आहेत, त्या घराने यादीतून शेजारी खोडू नये. चांदरातीला एक केक भाजावा, त्याचे बारा तुकडे करावेत, चार बश्या भराव्यात. बशी परत येईल तेव्हा ती रिकामी नसेल. आणि कधी रिकामी आलीच, तरी ती द्यायला कोणीतरी दारात आलेले असेल.