गढूळ बिअर आणि मोठा सावकार

इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या पुतण्याने घरी बिअर करायचा बेत आखला आणि काका बँकेत होते म्हणून खर्चाचा कागद मला पाठवला. (तिकडे स्वतःपुरती बिअर घरी करायला 1963 पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. तेव्हा वाचकांनी हे नुसते वाचावे!)

बेत बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा, वीस लिटरचा. जवाचे माल्ट अडीच किलो, मोड न आणलेल्या गव्हाचे पोहे दोन किलो. हे पासष्ट-सदुसष्ट अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजवायचे. गव्हाला टरफल नसल्याने लगदा चिकट होतो, गाळणी तुंबते. त्यावर उपाय म्हणजे थोडे भाताचे तूस. हॉप्स बेताचेच. उकळी संपता संपता भरड कुटलेले धने आणि कडू संत्र्याची वाळलेली साल. मग यीस्ट घालून दोनेक आठवडे थांबायचे. बिअर गढूळच राहते, आणि तीच तिची ओळख. यात महाग असे काहीच नाही. धने तर मसाल्याच्या डब्यातले.

पण इतकी साधी बिअर एकदा नामशेष झाली होती. बेल्जियमच्या हूगार्डन गावातली तिची शेवटची भट्टी 1950 च्या दशकात बंद पडली. तरुणपणी त्या भट्टीत हाताखाली काम केलेला पियेर सेलिस हा गवळी होता. आठवणीवर विसंबून त्याने 1966 मध्ये ती पुन्हा करायला घेतली, आणि धंदा भरभराटीला आला.

1985 मध्ये कारखान्याला आग लागली. विमा अपुरा होता. कर्जदाराच्या विम्याची तारीख बघण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून हे वाक्य मला आगीपेक्षा जास्त चटका लावते. पुनर्बांधणीचा पैसा आला तो स्टेला आर्तुआसारख्या बड्या बिअरवाल्यांकडून. बँकेला व्याज हवे असते. त्याच धंद्यातल्या सावकाराला दुकान हवे असते. काही वर्षांत कारखाना इंटरब्रूचा झाला. सेलिस अमेरिकेत गेला, 1992 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला पुन्हा भट्टी पेटवली. तिथेही 1995 मध्ये मिलर कंपनी भागीदार म्हणून आली, आणि पुढे तिनेच तो कारखाना बंद केला. कृती मात्र त्याच्याकडून कोणीच काढून घेऊ शकले नाही. गेली ती मालकी.

गावाचे काय झाले? 2005 मध्ये कंपनीने उत्पादन लिएजजवळच्या झुपियच्या मोठ्या कारखान्यात हलवायचे जाहीर केले. हिशेबाच्या वहीत ते चोख बसत होते. गावकरी रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या गावाचे नाव बाटलीवर राहणार होते आणि काम जाणार होते. 2007 मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. सेलिस 2011 मध्ये वारला. हूगार्डनची बिअर आजही हूगार्डनमध्येच होते. मालक मात्र एबी इनबेव्ह.