गझालीनंतरही विचार चालूच होता

संपादक महोदय,



धर्मपंडित अल्-गझालीने तत्त्वज्ञांवर टीका केली आणि इस्लामी जगातला विचार तिथेच संपला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. गझालीने (मृत्यू ११११) तत्त्वज्ञांची वीस मते खोडून काढली हे खरे, पण त्यांचे तर्कशास्त्र त्याने टाकले नाही, उलट त्यावर स्वतः ग्रंथ लिहिले. त्याच्या टीकेला तत्त्वज्ञ इब्न रुश्दने (मृत्यू ११९८) सविस्तर उत्तर दिले. सतराव्या शतकात इराणमध्ये तत्त्वज्ञ मुल्ला सद्राने तर नवी मांडणीच उभी केली.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आम्हा तळोजेकरांना मुंबईतले माहीम किती जवळ! तिथल्या मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यावर उरुसात मुंबई पोलिसांची चादर चढते, हे बहुतेकांना माहीत असते. पण हे कोकणी विद्वान (१३७२–१४३१) कुराणाचे भाष्यकार होते. स्पेनमध्ये जन्मून दमास्कसला वारलेल्या सूफी विचारवंत इब्न अरबीच्या गहन ग्रंथावर त्यांनी विवरण लिहिले. अस्तित्व मुळात एकच आहे, या त्याच्या विचाराशी ते आपल्या किनाऱ्यावर बसून झुंजत होते, आणि तेही गझालीनंतर तीन शतकांनी! वेदान्त वाचणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. तरीही आपल्या शालेय पुस्तकांत माहिमींचे नाव सहसा भेटत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांच्या भाष्यातील निवडक भाग मराठीत यावेत आणि आपण त्यांवर लेख छापावा, ही विनंती.

— एक वाचक, तळोजा (ता. पनवेल)